तडकलेला दांत

हाड मोडलें तर तें सांधतें, कातडी कापली तर ती भरून येते, नख तुटलें तर तें पुन्हां वाढतें. पण दांताला एकदां तडा गेला कीं तो आपण होऊन कधींही सांधत नाहीं. शरीराच्या बहुतेक भागांना निसर्गानें दुरुस्तीची कांहीं ना कांहीं सोय करून दिली आहे. दांताच्या बाह्य कवचाला मात्र ती दिलेली नाहीं. म्हणून तडकलेल्या दांताचा इतिहास हा औषधांच्या इतिहासापेक्षां खबरदारीचा इतिहास अधिक आहे. ही खबरदारी आमच्या जुन्या घरांत सूप, जातें आणि अडकित्ता यांच्या रूपानें नांदत होती. वैद्यकशास्त्रानें तडा ओळखण्याची व तो आवरण्याची विद्या फार उशिरां, म्हणजे गेल्या सत्तर-पाऊणशें वर्षांत, हस्तगत केली. आणि नेमक्या त्याच काळांत आमच्या वऱ्हाडांतील यवतमाळ जिल्ह्यांत पाणी आणि खर्रा या दोन वाटांनीं दांतांवर नवें संकट आलें. ही तिपेडी हकीकत आज श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम दांत म्हणजे काय हें थोडक्यांत पाहूं. वरून पाहतां दांत एकसंध पांढऱ्या दगडासारखा वाटतो; वास्तविक त्याचे तीन थर असतात. सर्वांत बाहेर असतें तें दंतवल्क. डॉक्टर लोक त्याला इनॅमल म्हणतात. वजनानें त्याचा शेंकडा ९६ भाग केवळ खनिज असतो आणि शरीरांत त्याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाहीं. त्याच्या आंत दंतिन नांवाचा किंचित् मऊ व लवचिक थर असतो. दंतिनांत सूक्ष्म नळ्यांचें जाळें असून त्या नळ्यांत द्रव भरलेला असतो. सर्वांत आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गर असतो. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दांत हिरडींतून वर येतो त्याच सुमारास नाहींशा होतात. कारागीर घर बांधून निघून जावे आणि पुढें भिंतीला भेग पडली तर बोलवावयास कोणीच उरूं नये, तशी ही स्थिति आहे.

आतां कठीण असणें आणि चिवट असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. कांच कठीण खरी, पण एका ठोक्यासरशी ती फुटते. दंतवल्काचा गुण बराचसा असाच आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याचें जें दहा अंकांचें माप शास्त्रज्ञ वापरतात, त्यांत दंतवल्काचा क्रमांक पांचच्या आसपास येतो. आणि धान्यांत सांपडणारी पांढरी गारगोटी सातव्या क्रमांकाची आहे. धडधाकट माणूस दाढा आवळतो तेव्हां पन्नास किलोंहूनही अधिक वजनाचा दाब दाढेवर येऊं शकतो. घांस मऊ असेपर्यंत हा दाब पसरून जातो व कांहींच बिघडत नाहीं. पण भाताच्या घांसांत एखादा खडा आला कीं तो सारा दाब एका टोंकावर एकवटतो, आणि तो खडा दांताहून कठीण असतो. ‘कट्’ असा जो आवाज त्या वेळीं कानांत घुमतो, त्यांत पुष्कळदां एका तड्याचा जन्म झालेला असतो.

या दुखण्याची एक मोठी गंमत अशी, कीं तें रोग्यालाही नीट सांगतां येत नाहीं. किडलेला दांत सतत ठणकतो. तडकलेला दांत एरवीं स्वस्थ असतो आणि एखाद्याच घासाला वीज चमकावी तशी कळ आणतो. तीही बहुधा चावतांना नव्हे, तर चावलेला घांस सोडतांना. कारण असें, कीं चावतांना तड्याच्या दोन कडा किंचित् फांकतात आणि दाब सुटतांच त्या झटकन् मिटतात. त्या हालचालीनें दंतिनाच्या नळ्यांतील द्रव सरकतो व आंतल्या मज्जातंतूस धक्का बसतो. थंड पाण्यानें कळ येते, पण नेमका कोणता दांत हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रांतही असा तडा क्वचितच दिसतो. म्हणून या रोगानें पिढ्यानपिढ्या वैद्यांस चकविलें, यांत नवल नाहीं.

तथापि आमच्या जुन्या वैद्यकास दांत फुटतो ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखरोगांचा अध्याय आहे. त्यांत दांतांचे म्हणून जे आठ रोग सांगितले आहेत, त्यांपैकीं तीन आपल्या विषयास लागून आहेत. ज्यांत दांत जणूं विदारले जात आहेत अशी तीव्र वेदना होते तें दालन. ज्यांत दांत मोडतात तें भंजनक. आणि ज्यांत खापरीचे कपचे निघावे तसे दांताचे पापुद्रे सुटतात ती कपालिका. थंड पदार्थ व स्पर्श सोसवत नाहीं अशा अवस्थेला दंतहर्ष हें सुंदर नांव दिलें आहे. या नांवांची आजच्या निदानांशीं तंतोतंत जोडी लावणें योग्य होणार नाहीं; वात-कफांची ती मांडणी निराळी आहे. पण वेदनेचे प्रकार वेगळे ओळखून त्यांना वेगळीं नांवें देणारी दृष्टि तेथें स्पष्ट दिसते. उपचार म्हणून तेलाच्या व काढ्यांच्या गुळण्या सांगितल्या आहेत आणि रोज सकाळीं बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड, गांठ नसलेली ओली काडी चावून तिच्या मऊ कुंच्यानें दांत स्वच्छ करावे असा नियम घालून दिला आहे. काडी ओली व मऊ हवी, या आग्रहांत दांत झिजूं नयेत ही काळजी आहेच.

दांत हा इतिहासाचाही मोठा साक्षीदार आहे, कारण माणसाचें सर्व कांहीं मातीस मिळालें तरी दांत टिकतो. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें, आणि तेथें सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आली. तेथील घरांच्या जमिनीखालीं रांजणांत पुरलेल्या लहान मुलांचे अवशेष निघाले. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या दोन मानवशास्त्रज्ञांनीं त्या दांतांचा बारकाईनें अभ्यास करून १९८६ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. दुधाच्या सुळ्यांवर दंतवल्क नीट न बनल्याचे खळगे त्यांना आढळले. याचा अर्थ इतकाच, कीं दंतवल्क घडत असतां बाळाच्या प्रकृतीस जो धक्का बसतो त्याची खूण दांतावर उमटते आणि ती कधींही पुसत नाहीं. हा मुद्दा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. यवतमाळच्या पाण्याकडे वळूं तेव्हां तो पुन्हां कामास येईल.

आतां जुन्या घराकडे पाहूं. दांतांसाठीं म्हणून तेथें कोणतेंही शास्त्र शिकविलें जात नव्हतें, पण स्वयंपाकघराची सारी रीतच दांतांना जपणारी होती. ज्वारी, तूर, तांदूळ खळ्यांतून घरीं येत, ते मातीशीं व खड्यांशीं मिसळूनच. म्हणून धान्य सुपांत पाखडणें, चाळणें आणि मग ताटांत पसरून एकेक खडा निवडणें हा नित्याचा उद्योग होता. दुपारच्या वेळीं ओसरीवर बसून निवडणाऱ्या आज्या-आत्यांनीं किती दाढा वांचविल्या असतील याची गणति कोणी ठेवली नाहीं. जातें हें मात्र दुधारी साधन होतें. काळ्या दगडाच्या दोन तळ्या एकमेकींवर घासत, तेव्हां पिठाबरोबर दगडाची बारीक कसही पडे व ती आयुष्यभर पोटांत जातां जातां दांत झिजवी. जात्याला नवी टाकी लावली कीं पहिलें दळण भरडाचें काढून टाकावें, मग खाण्याचें पीठ दळावें, ही जाणत्या बायकांची रीत याच अनुभवांतून आलेली. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण पाखडण्या-निवडण्याची संवय सुटली, ती मात्र दांतांच्या दृष्टीनें तोट्याची ठरली.

तिसरें साधन अडकित्ता. सुपारी हें फळ लांकडासारखें कठीण. पण पानदानांत सुपारीशेजारीं अडकित्ता ठेवण्याची चाल होती. सुपारी कातरून तिचीं पातळ खांडें करावीं, अख्खी सुपारी दांतानें फोडूं नये, हा त्यांतला शहाणपणा. म्हाताऱ्या माणसांसाठीं तर विडा खलबत्त्यांत कुटून देत. ‘दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण सर्वांच्या तोंडीं होती. पण चणे असतां दांत टिकावे म्हणून काय करावें, हें या सूप-अडकित्त्यांनीं न बोलतां शिकविलें होतें. दांत दुखूं लागला तर लवंग दाढेखालीं धरीत किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवीत. या तेलांतील युजेनॉल हें द्रव्य आजही दंतवैद्य तात्पुरत्या भरणांत वापरतात. परंतु याच्या पुढें घरगुती उपायांची धांव नव्हती. दांत फारच छळूं लागला तर आठवड्याच्या बाजारांत चिमटा घेऊन बसणाऱ्याकडून तो उपटून घ्यावयाचा, एवढाच मार्ग उरे.

दांत काढून टाकणें हा उपचार नसून उपचाराचा पराभव आहे, हा विचार रुजण्यास शिक्षित दंतवैद्य निर्माण व्हावे लागले. हिंदुस्थानांत १९२० सालीं डॉक्टर रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. मुंबईत नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं सुरूं झालें. १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा होऊन या व्यवसायास नियम लागले. यवतमाळ त्या वेळीं मध्यप्रांत व वऱ्हाडांत होतें. या भागास जवळचें असें नागपूरचें शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ सालीं निघालें. म्हणजे वणी-पांढरकवड्याच्या शेतकऱ्याला शिक्षित दंतवैद्य आवाक्यांत येण्यास स्वातंत्र्यानंतरचीं वीस वर्षें जावीं लागलीं.

पाश्चात्य देशांतही तडकलेल्या दांताचें ज्ञान याहून फारसें जुनें नाहीं. १९५४ सालीं गिब्ज यानें दाढेच्या टोंकाला तडा गेल्यानें होणाऱ्या विशिष्ट वेदनेचें वर्णन केलें. आणि १९६४ सालीं कॅमेरून या अमेरिकन दंतवैद्यानें या लक्षणसमूहाला ‘तडकलेल्या दांताचा रोग’ या अर्थाचें नांव दिलें. नांव मिळालें कीं रोग दिसूं लागतो. तोंवर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार समजून किंवा नुसता भास समजून ज्यांची बोळवण होत असे, त्यांच्या दुखण्यास पत्ता मिळाला. आतां तड्यांचे पांच प्रकार मानतात. पहिला नुसत्या दंतवल्कावरील केसासारख्या रेघांचा; त्या पुष्कळ प्रौढांच्या दांतांवर असतात आणि त्यांना कांहीं करावें लागत नाहीं. दुसरा दाढेच्या टोंकाचा कपचा उडण्याचा. तिसरा वरून खालीं उतरणाऱ्या तड्याचा. हाच खरा फसवा. चौथा दांत दुभंगण्याचा आणि पांचवा मुळापासून वर येणाऱ्या तड्याचा. हें दुखणें चाळिशीच्या पुढें अधिक आढळतें आणि खालच्या दाढांना तें विशेष गांठतें.

ओळखण्याच्या रीतीही साध्या आहेत. दंतवैद्य दाढेच्या एकेका टोंकावर लहानशी काडी ठेवून चावावयास व मग सोडावयास सांगतो. ज्या टोंकावर सोडतांना कळ येते तेथें तडा. दांतावर आडवा तीव्र प्रकाश टाकला तर तो तड्यापाशीं अडतो आणि पलीकडची बाजू काळोखी दिसते. निळा रंग लावला तर तो भेगेंत शिरून रेघ दाखवितो. जुनें मोठें भरण असलें तर तें काढून तळ पाहावा लागतो, कारण मोठ्या भरणाभोवतीं उरलेल्या दांताच्या भिंती पातळ होऊन तडकतात.

उपचाराचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येतें: तडा मिटवितां येत नाहीं, पण तो वाढूं न देणें शक्य असतें. फुटूं लागलेल्या पिंपाला लोखंडी पट्टी ठोकून आवळतात, तसें तडकलेल्या दाढेवर टोपी बसवून तिच्या भिंती एकत्र बांधतात. ही टोपी पूर्वीं सोन्याची असे. आतां इतर धातूंची किंवा चिनीमातीसारख्या पांढऱ्या पदार्थांचीही करतात. तडा लहान असेल तर चिकटणाऱ्या भरणानेंही भागतें. ही चिकटविण्याची युक्ति १९५५ सालीं मायकेल ब्युनोकोर यानें दाखविली. दंतवल्कावर सौम्य आम्ल लावून तें खरबरीत केलें कीं त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट बसतो. तडा गरापर्यंत पोंचला असेल तर मूळनलिकांची सफाई करून मग टोपी घालावी लागते. आणि दांत मुळापर्यंत दुभंगला असेल तर तो बहुधा काढण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. येथें विलंबाची किंमत कळते. आज टोपीनें वांचणारी दाढ सहा महिन्यांनीं मूळ-उपचारास पात्र होते आणि वर्षानें चिमट्यास. कळ अधूनमधूनच येते म्हणून रोगी चालढकल करतो, आणि तडा मात्र प्रत्येक घांसागणिक पुढें सरकत असतो.

हें सर्व ज्ञान हातीं येत असतांच यवतमाळ जिल्ह्यांत काय घडत होतें, तें आतां पाहूं. पण तें समजण्यास आधीं अमेरिकेंतील एक कथा ऐकली पाहिजे. १९०१ सालीं फ्रेडरिक मकाय नांवाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं आला. तेथल्या मुलांचे दांत तपकिरी डागांनीं भरलेले पाहून तो चकित झाला. कोणी म्हणे डुकराचें मांस फार खाल्ल्यानें, कोणी म्हणे वाईट दुधानें. मकायनें हा छंद तीस वर्षें सोडला नाहीं. १९२३ सालीं तो आयडाहो राज्यांतील ओकली या गांवीं गेला. पांच मैलांवरच्या उष्ण झऱ्याचें पाणी नळानें गांवांत आणल्यापासून मुलांचे दांत डागाळूं लागले, असें आईबापांनीं त्याला सांगितलें. मकायला पाण्यांत कांहींच सांपडलें नाहीं. तरी त्यानें तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचें पाणी घ्या असा सल्ला दिला. गांवानें तो मानला, आणि थोड्याच वर्षांत लहान मुलांचे नवे दांत स्वच्छ उगवूं लागले. कारण कळण्याआधींच उपाय सिद्ध झाला. कारण १९३१ सालीं चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें शोधलें: पाण्यांतील फ्लोराइड.

फ्लोराइडचें वागणें मीठासारखें आहे. प्रमाणांत असलें तर तें दांत किडूं देत नाहीं. अति झालें तर दांत घडविणाऱ्या पेशींचेंच काम बिघडवितें. जन्मापासून सुमारें आठ वर्षांपर्यंत कायमच्या दांतांचें दंतवल्क हिरडीच्या आंत घडत असतें. त्या काळांत मुलाच्या पोटांत जास्त फ्लोराइड गेलें तर पृष्ठाखालचें दंतवल्क सच्छिद्र राहतें. दोष थोडा असेल तर नुसत्या पांढऱ्या रेघा दिसतात, आणि त्यांची फार चिंता नको. तीव्र असेल तर दांत तपकिरी होतात, त्यांवर खळगे पडतात आणि चावण्याच्या दाबानें कपचे उडूं लागतात. इनामगांवच्या बाळांच्या दांतांवर जशी साडेतीन हजार वर्षांपूर्वींची अडचण लिहिली गेली, तशी येथें विहिरीची कहाणी लिहिली जाते. हिंदुस्थानांत हा रोग १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत प्रथम शास्त्रीय रीतीनें नोंदला गेला. तेथें दांतांबरोबर हाडेंही ताठरलीं होतीं.

महाराष्ट्रांत १९७२ चा दुष्काळ पडला आणि उघड्या विहिरी आटल्या. त्या दशकांत खडक भेदणारीं यंत्रें गांवोगांव फिरलीं, कूपनलिका खणल्या गेल्या आणि हातपंप बसले. आमच्याच जालन्याच्या व सोलापूरच्या पंपांवरून पुढें देशभर गाजलेला इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला. या पाण्यानें असंख्य जीव वांचविले. उघड्या पाण्यांतून होणारा नारू हटविण्यास त्याचें साह्य झालें आणि २००० सालीं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पण खोल खडकांत दीर्घ काळ मुरलेलें पाणी कोठें कोठें खडकांतील फ्लोराइड विरघळवून वर आणतें. यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा भागाच्या भूजलांत फ्लोराइड असल्याबद्दलचा भूशास्त्रज्ञांचा अभ्यास २००७ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरमध्यें एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगें मानतात. त्या भागांतील कांहीं पाण्यांत तें या मर्यादेच्या कितीतरी पुढें गेलेलें होतें.

या संकटाची दुष्टाई अशी, कीं तें डोळ्यांना, जिभेला वा नाकाला कळत नाहीं. पाणी कांचेसारखें स्वच्छ असतें, चवीला गोड असतें. उकळून घ्यावें तर फ्लोराइड जात नाहींच, उलट पाणी आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. पाणी तपासल्याशिवाय दुसरा मार्ग नाहीं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही तपासणी होते. आणि उपाय तर आमच्या शेजारींच जन्मला आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेनें १९७० नंतरच्या दशकांत एक रीत बसविली. दूषित पाण्यांत ठराविक प्रमाणांत तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर घालून ढवळावें. जो गाळ तळाशीं बसतो तो फ्लोराइड ओढून नेतो. तेलंगणांतील नलगोंड्यावरून तिला नलगोंडा पद्धति म्हणतात. तथापि ओकलीच्या गांवकऱ्यांनीं केला तोच उपाय सर्वांत सोपा: वाईट विहीर पिण्यासाठीं सोडावी आणि चांगली शोधावी. पुष्कळदां एकाच शिवारांत कूपनलिकेचें पाणी दोषी आणि उथळ विहिरीचें निर्दोष निघतें. खराब पाणी धुण्यास व जनावरांच्या गोठ्याच्या सफाईस वापरावें. पण आठ वर्षांच्या आंतील मुलाच्या पेल्यांत तें जाऊं देऊं नये.

दुसरें संकट पाण्यासारखें अदृश्य नाहीं. तें चौकाचौकांत उघडपणें घोटलें जातें. खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदांत घोटून केलेलें मिश्रण. विदर्भांत त्याचा प्रसार शाळकरी मुलांपर्यंत गेला आहे. पानदानांतील विडा जेवणानंतर एकदां येई. खर्रा दिवसभर गालांत असतो. अडकित्त्यानें कातरलेलें पातळ खांड कोठें, आणि तासन् तास दाढांखालीं रगडले जाणारे कठीण तुकडे कोठें! सुपारी चघळणाऱ्यांचे दांत झिजतात व तडकतात, हें दंतवैद्यांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. याहून भयंकर गोष्ट पुढें आहे. सुपारीमुळें गालांच्या आंतील कातडी हळूहळू पांढुरकी व ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासें होतें. आफ्रिकेंतील हिंदी स्त्रियांमध्यें श्वार्त्झ यानें १९५२ सालीं आणि आपल्या देशांत डॉक्टर जोशी यांनीं १९५३ सालीं या रोगाचें वर्णन केलें. २००४ सालीं जागतिक कर्करोग-संशोधन संस्थेनें सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचा निर्णय दिला. २०१२ सालीं महाराष्ट्रानें गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. पण हातानें घोटलेल्या खर्ऱ्याची संवय बंदीच्या हुकुमानें सुटली नाहीं.

येथें दोन दुर्दैवें एकत्र येतात. तडकलेली दाढ वांचविण्याची विद्या आज आहे. पण ती दाढ तोंडाच्या अगदीं मागें असते, आणि तिच्यापर्यंत हत्यार न्यावयाचें तर तोंड तीन-चार बोटें उघडलें पाहिजे. ज्याचें तोंड एकच बोट उघडतें, त्याच्यापुढें उत्तमांत उत्तम दंतवैद्यही हात टेकतो. ज्या व्यसनानें दांत फोडला, त्यानेंच दुरुस्तीचें दारही लावून घेतलें.

मग करावयाचें काय? शहरांतील सुशिक्षित घरांसही हें लागू आहे, कारण त्यांच्या दांतांना वेगळे शत्रु आहेत. बर्फाचे खडे चावूं नयेत. बाटलीचें बूच दांतांनीं उघडूं नये. दोरा दांतांनीं तोडूं नये. अख्खी सुपारी वा अक्रोड दाढेखालीं फोडूं नये. पुष्कळ माणसें झोपेंत दांत खातात आणि दिवसा चिंतेनें ते आवळून धरतात. ‘दांत-ओंठ खाणें’ हा वाक्प्रचार रागापुरता मर्यादित नाहीं. २०२० च्या महामारीनंतर अमेरिकेंतील बहुसंख्य दंतवैद्यांनीं तडकलेले दांत वाढल्याचें सांगितलें, तें या आवळण्यामुळेंच असावें असा त्यांचा तर्क होता. अशांसाठीं रात्रीं दांतांवर बसविण्याचें मऊ किंवा कठीण आवरण मिळतें. जुनें मोठें भरण असलेली दाढ वेळींच तपासून घ्यावी. आणि घांस सोडतांना एकदां जरी कळ आली, तरी ‘पुन्हां येईल तेव्हां पाहूं’ असें न म्हणतां त्या बाजूनें चावणें थांबवावें व दंतवैद्यास तीच खूण सांगावी. निदानाचें अर्धें काम त्यानें होतें.

अर्थात् एवढ्यानें आमचें कर्तव्य संपत नाहीं. नागरिकाच्या तडकलेल्या दाढेला टोपी मिळते. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या आईबापांच्या मुलाला ती परवडत नाहीं, आणि त्याचा दांत तर उगवतांनाच कच्चा असतो. त्याचा उपचार दंतवैद्याच्या खुर्चींत होणारा नाहीं. तो विहिरीच्या काठावर आणि चौकांतल्या टपरीपुढें व्हावयाचा आहे. ज्या गांवाचें पाणी तपासलें नसेल तेथें तें तपासून घेण्याचा आग्रह धरणें, दोषी पंपावर तशी पाटी लावविणें, शाळेंतल्या मुलांचे दांत वर्षांतून एकदां पाहिले जातील असें करणें, हीं कामें कोणाही शिक्षित माणसाच्या आवाक्यांतलीं आहेत. आमच्या आज्यांनीं सुपांत बसून खडे निवडले. तो खडा आतां पाण्यांत विरघळलेला आहे आणि खर्ऱ्यांत मिसळलेला आहे. पण निवडून काढण्याचें काम तेंच आहे, आणि दांत उगवण्याच्या आधीं तें झालें तरच उपयोगाचें.